आभाळात उभा केलेला कवडसा

उन्हाळा चढला की मुळशीच्या भातपट्ट्यात राब भाजायला सुरुवात होते. भाताचा तरवा ज्या वाफ्यात टाकायचा तिथे शेण, झाडांची तोडलेली कवळ, पालापाचोळा, गवत असे थर रचायचे, वर बारीक माती पसरायची आणि वारा पडला की पेटवायचे. जाळ फारसा होत नाही, राब धुमसत राहतो. पुण्याच्या पश्चिमेला पिरंगुट-घोटावडे भागातल्या भरे गावच्या बाजूने अशा एखाद्या संध्याकाळी डोंगराकडे पाहिले तर एक गोष्ट सहज लक्षात येते. धूर आधी सरळ वर चढतो. मग एका ठरावीक उंचीवर अडतो आणि चादर अंथरल्यासारखा आडवा पसरतो. शेजारच्या शिवारातला दुसरा धूरही नेमका त्याच उंचीवर येऊन त्याच चादरीला मिळतो. वर कोणी काचेचे छत घातले असावे असा तो देखावा असतो.

ते छत हवेचेच असते. दिवसा जमीन तापलेली असते आणि वर जावे तसा गारवा वाढतो, त्यामुळे खालची गरम, हलकी हवा उंच चढत राहते. सूर्य कलला की जमीन भराभर निवते आणि तिच्याशी लागून असलेली हवाही निवते. वरची हवा मात्र अजून उबदार असते. गार हवा खाली आणि उबदार हवा वर, असा उलटा क्रम लागतो. धूर वर चढता चढता निवतो. आपल्याइतक्याच किंवा आपल्याहून हलक्या हवेशी गाठ पडली की त्याची चढण संपते. हवामानशास्त्रात या छताखालच्या हवेला सीमास्तर म्हणतात. तो हिवाळ्याच्या रात्री जमिनीपासून जेमतेम काही शे मीटर उंच असतो, तर मे महिन्याच्या दुपारी दोन-तीन किलोमीटरपर्यंत फुगतो.

राबाचा धूर डोळ्यांना दिसतो म्हणून छत कळते. पण रात्री अकरा वाजता ते किती उंचीवर असेल? पौड रस्त्यावरच्या गाड्यांचा धूर, बांधकामांची धूळ, घाट ओलांडून आलेले समुद्री मिठाचे कण, हे सारे त्याच्या खाली कोंडले आहे की वर निसटले आहे? पुणे शहरात २०१३ पासून ‘सफर’ प्रकल्पाची केंद्रे हवेची प्रत मोजतात. ती नाकाच्या उंचीवरचे प्रमाण सांगतात आणि ते आवश्यकच आहे. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २००४ पासून एक सूर्यमापी उपकरण आहे. कणांच्या गर्दीतून खाली येताना सूर्यप्रकाश किती मंदावला यावरून ते जमिनीपासून आभाळापर्यंतच्या सगळ्या कणांची एकत्र बेरीज देते. एकाला पायथा कळतो, दुसऱ्याला बेरीज. मधला जिना कोणालाच दिसत नाही, आणि हवेतल्या कणांच्या बाबतीत खरी गोम त्या जिन्यातच आहे. तेवढीच काजळी जमिनीलगत असली तर माणसांच्या छातीत जाते. छताच्या उंचीवर असली तर ऊन शोषून तिथली हवा आणखी तापवते, म्हणजे छत आणखी पक्के करते. ढगाच्या तळाशी पोचली तर पावसाच्या थेंबांच्या घडणीत हात घालते. प्रमाण सारखेच, पण उंची बदलली की परिणाम वेगळा.

ही उंची सांगणारे यंत्र म्हणजे लिडार.

कौलारू घरात ज्याचे लहानपण गेले त्याला लिडारचे तत्त्व निराळे शिकवावे लागत नाही. दुपारी कौलांच्या फटीतून कवडसा आत येतो. त्या तिरक्या उजेडात धुळीचे कण तरंगताना दिसतात आणि शेजारच्या अंधारात काहीच दिसत नाही. वास्तविक कण दोन्हीकडे सारखेच असतात. कवडसा म्हणून आपण जे पाहतो ते कणांनी आपल्या डोळ्यांकडे वळवलेले ऊन असते. हवा पूर्ण स्वच्छ असती तर बाजूने पाहणाऱ्याला कवडसा जवळजवळ दिसलाच नसता, फक्त जमिनीवर उजेडाचा ठिपका पडला असता. लिडारमध्ये असाच एक कवडसा जमिनीवरून सरळ आभाळात उभा करतात. ऊन नसते, लेसर असतो. डोळ्याच्या जागी दुर्बीण असते आणि तिच्या मागे प्रकाशाचा अगदी एकेक कण मोजू शकणारी संवेदनशील नळी.

राहिला प्रश्न उंचीचा. परत आलेला प्रकाश तीनशे मीटरवरच्या धुळीने पाठवला की दीड किलोमीटरवरच्या ढगाने? इथे लेसरच्या अखंड झोताऐवजी अतिशय तोकडे स्पंद कामाला येतात. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो. दीड किलोमीटरवरच्या ढगाला शिवून परत यायला त्याला सेकंदाचा एक लाखावा भाग लागतो. घड्याळ याहून शंभरपट बारीक केले, म्हणजे सेकंदाचा एक कोटीवा भाग मोजता आला, की पंधरा मीटरचा फरक ओळखता येतो. दरीत हाक मारून प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून समोरचा कडा किती लांब आहे याचा अंदाज घ्यावा, तसाच हा हिशेब आहे. फरक इतकाच की कडा एकच हाक परत करतो आणि हवेतला प्रत्येक थर आपापली हाक परत करतो. शेकडो स्पंदांची उत्तरे एकावर एक मांडली की उंचीनुसार कणांची दाटी दाखवणारी एक वाकडी-तिकडी रेघ तयार होते. तिच्यावर राबाच्या धुराची चादर एखाद्या दातासारखी बाहेर आलेली दिसते.

भरे गावापासून पाषाण रस्त्याने पंधरा-वीस किलोमीटरवर असेल. तिथल्या हवामानविज्ञान संस्थेची स्थापना १७ नोव्हेंबर १९६२ ची. या संस्थेत ऑक्टोबर १९८६ पासून अर्गन वायूच्या लेसरवर चालणारा एक लिडार पुण्याच्या आभाळाकडे पाहू लागला. पी. सी. एस. देवरा, पी. अर्नेस्ट राज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम उभे केले. आपल्याकडच्या हवामानशास्त्राच्या इतिहासात त्याला मिळायला हवे तेवढे स्थान मिळालेले नाही, असे म्हणावेसे वाटते.

त्या लिडारची गंमत अशी की त्यात स्पंद नव्हतेच. अर्गन लेसरचा हिरवा झोत अखंड असे, त्यामुळे प्रकाश निघाला कधी आणि परतला कधी हे विचारण्यात अर्थ नव्हता. मग उंची काढायची कशी? शास्त्रज्ञांनी शाळेतल्या भूमितीचा आधार घेतला. लेसर एका जागी आणि दुर्बीण त्याच्यापासून काही अंतरावर, असे दोघांना वेगळे ठेवले. लेसरचा झोत आभाळात उभा असे. दुर्बीण त्या झोताच्या खालच्या भागावर रोखायची, मोजायचे, तिचा कोन थोडा वाढवायचा, पुन्हा मोजायचे. पायातले अंतर माहीत आहे, कोन माहीत आहे, मग त्रिकोण पुरा होतो आणि उंची हाती येते. नारळाच्या झाडाची उंची त्यावर न चढता काढण्याचे जे गणित नववी-दहावीत येते, तेच इथे रात्रीच्या अंधारात, हिरव्या झोतावर एकेक पायरी वर सरकत केले जात होते. जमिनीपासून साधारण पन्नास मीटर ते अकराशे मीटर एवढी त्याची पोच. वातावरणाच्या मानाने हा पल्ला लहान आहे. पण माणूस राहतो, चुली पेटतात, गाड्या धावतात आणि राब भाजले जातात त्या हवेचा हाच पट्टा.

ही युक्ती लेसरहून जुनी आहे. आयर्लंडच्या ई. एच. सिंज यांनी १९३० साली सुचवले होते की विमाने शोधायचे प्रखर दिवे आभाळात रोखून, दूर ठेवलेल्या दुर्बिणीने त्या झोतावर नजर फिरवली तर वरच्या हवेची घनता काढता येईल. ‘लिडार’ हा शब्दसुद्धा १९५३ साली वापरात आला. पहिला लेसर तयार झाला तो १९६० मध्ये. तीन वर्षांनी, १९६३ साली, फिओको आणि स्मलिन या दोघांनी अमेरिकेत माणकाचा लेसर आभाळात सोडून फार उंचावरून परतलेले प्रतिध्वनी टिपले आणि वातावरणाच्या लिडारचे युग सुरू झाले. दिव्याच्या झोताची जुनी भूमिती आणि लेसरचा नवा प्रकाश यांची सांगड पाषाणला घातली गेली होती.

पाषाणच्या परिसराला टेकड्यांचे कडे आहे. रात्री टेकड्यांचे उतार लवकर निवतात, त्यांच्यावरची गार हवा जड होऊन खाली घरंगळते आणि मधल्या खोलगट भागात साचते. लिडारच्या रात्रीच्या नोंदींत ही साचलेली हवा कणांच्या दाट थरांच्या रूपाने दिसे. याच संस्थेत ध्वनीच्या लहरी वर सोडून हवेचे थर शोधणारे सोडार नावाचे यंत्रही होते. दोघांनी एकाच रात्रीच्या हवेचे काढलेले चित्र शेजारी-शेजारी ठेवून केलेला अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. एकाने छत प्रकाशाने चाचपले, दुसऱ्याने आवाजाने.

वर्षानुवर्षे चाललेल्या या मोजणीतून पुण्याच्या हवेची ऋतुचर्या उलगडली. पावसाळ्याआधीच्या महिन्यांत कणांचा साठा सर्वांत जास्त, कारण जमीन सुकलेली, धुरळा उडणारा आणि दुपारचे तापलेले वारे तो उंच नेणारे. पावसाळ्यात तो सर्वांत कमी, कारण सरींनी हवा धुतलेली आणि समुद्रावरून येणारा वाराही स्वच्छ. हिवाळ्यात साठा पुन्हा चढू लागतो, पण तेव्हा तो खाली कोंडलेला असतो. ऋतूंचे हे चढउतार वजा केले तरी वर्षागणिक साठा वाढत चालल्याचे नोंदींनी दाखवले. पुणे तेव्हा सायकलींचे शहर म्हणवून घेत होते. त्याची दुचाकींकडे आणि मग मोटारींकडे झालेली वाटचाल त्याच काळातली.

पुढे याच संस्थेत अगदी कमी शक्तीचे पण भराभर स्पंद सोडणारे, हलवता येण्याजोगे लिडारही आले. अशा यंत्रांचा एकेक स्पंद इतका क्षीण असतो की डोळ्याला धोका नाही, आणि सेकंदाला हजारो स्पंद सुटतात म्हणून बेरीज भक्कम होते. त्यातली काही यंत्रे प्रकाशाचे ध्रुवीकरणही तपासतात. दोरीचे एक टोक खांबाला बांधून दुसरे फक्त वर-खाली हलवले की लाटही वर-खालीच जाते. लेसरचा प्रकाश असाच एका दिशेत डोलत सोडतात. पाण्याचा थेंब गोल, त्यामुळे तो प्रकाश परत पाठवताना डोलण्याची दिशा सहसा मोडत नाही. धुळीचा खडबडीत कण किंवा बर्फाचा षट्कोनी स्फटिक ती दिशा विस्कटतो. म्हणून परतलेला प्रकाश किती विस्कटला हे पाहिले की वर पाणी आहे, बर्फ आहे की धूळ, हे जमिनीवर बसून सांगता येते.

या परीक्षेचा उपयोग कळायला जानेवारी २०२२ मधली घटना आठवावी. त्या महिन्यात पाकिस्तानच्या बाजूने उठलेले धुळीचे वादळ अरबी समुद्र आणि गुजरात ओलांडून थेट मुंबई-पुण्यापर्यंत आले. गाड्यांच्या टपांवर पांढरट थर बसला, सूर्य फिका झाला आणि अनेकांना ते नेहमीचे धुके किंवा शहरी धुरके वाटले. नुसत्या डोळ्यांना तिन्ही सारखीच दिसतात. ध्रुवीकरण पाहणाऱ्या लिडारसमोर मात्र वाळवंटी धूळ लपत नाही, आणि ती किती उंचावरून आली हेही कळते. परगावची धूळ उंचावरून येते आणि मग खाली उतरते. गावचा धूर खालीच जन्मतो.

लिडारच्या गणितात एक अडचण मात्र जुनी आहे. परत आलेला प्रकाश कमी झाला तो त्या उंचीवर कण कमी म्हणून, की वाटेतल्या कणांनी जाता-येता त्याला गिळले म्हणून? समीकरण एक आणि अज्ञात राशी दोन, त्यामुळे काहीतरी गृहीत धरावे लागते. इथे सी. व्ही. रामन धावून येतात. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांनी जाहीर केलेला परिणाम असा की रेणूवर आदळून परतलेल्या प्रकाशाचा एक अगदी लहान हिस्सा रंग बदलून येतो, आणि हा बदल रेणूगणिक ठरलेला असतो. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर हवेतल्या नायट्रोजनवरून परतताना ६०७ नॅनोमीटरचा, म्हणजे नारिंगी, होतो. नायट्रोजन किती उंचीवर किती आहे हे पक्के माहीत असते. मग त्याच्याकडून आलेला नारिंगी प्रकाश अपेक्षेपेक्षा जेवढा कमी, तेवढा वाटेतल्या कणांनी गिळला, हा हिशेब चोख लागतो. पाण्याच्या वाफेचा रंग आणखी वेगळा, त्यामुळे आभाळातली ओल कोणत्या उंचीवर किती आहे तेही याच मार्गाने मोजता येते. जगभर अशा यंत्रांना रामन लिडार म्हणतात.

आता ढगांकडे वळायला हवे, कारण मुळशीचे जगणे त्यांच्यावर आहे. ताम्हिणी घाटात पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला पुण्यात येईपर्यंत तो शेकड्यांत उतरतो. भरे गाव या उताराच्या अधेमध्ये वसलेले आहे. पश्चिमेकडे काळेभोर आभाळ आणि गावावर नुसते मळभ, हा अनुभव इथल्या प्रत्येक पावसाळ्याचा.

ढगातला प्रत्येक थेंब कुठल्या ना कुठल्या कणाभोवती जन्मतो. मीठ, गंधकाची संयुगे, धूळ, काजळीवर चढलेला ओलसर लेप, काहीही चालते. कण थोडे असले तर वाफेचे वाटेकरी थोडे, त्यामुळे थेंब मोठे होतात आणि एकमेकांवर आपटून लवकर पाऊस होतात. कण फार झाले तर तीच वाफ खूपजणांत वाटली जाते, थेंब बारीक राहतात आणि ढग नुसता तरंगत राहू शकतो. ढगातले सुमारे दहा लाख थेंब एकत्र आले तर पावसाचा एक थेंब होतो, म्हणून या वाटणीला महत्त्व आहे. समुद्रावरून आलेली निर्मळ हवा घाट चढून शहरांच्या हवेत मिसळते त्या पट्ट्यात हा खेळ रोज चालतो.

लिडारला ढगाचा तळ अचूक दिसतो. विमानतळांवर ढगांचा तळ मोजणारी सिलोमीटर नावाची यंत्रे म्हणजे साधे लिडारच. पण दाट पावसाळी ढगात काही शे मीटर शिरताच लेसर विझतो आणि वरचे काही कळत नाही. तिथून पुढे रडारचे राज्य सुरू होते. म्हणून हवामानविज्ञान संस्थेने सातारा जिल्ह्यात काळूबाईच्या मांढरदेव डोंगरावर ढगांचे रडार बसवले आणि २०१२ साली महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा काढली. तिथे पावसाळ्यात ढग चालत दारात येतात आणि उपकरणे त्यांचे थेंब प्रत्यक्ष मोजतात. रडारच्या नोंदींतून एक महत्त्वाची गोष्ट समोर आली. घाटाच्या पश्चिम अंगाला धो धो पाऊस पाडणारे ढग बहुतेक वेळा बुटके असतात, तर उंच ढग घाटामागच्या कोरड्या बाजूला जास्त आढळतात. याच संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर भागात विमानाने ढगांच्या तळाशी बीजरोपण करून पाहिले आणि काही ठिकाणी पाऊस सुमारे अठरा टक्के वाढल्याचा निष्कर्ष काढला. अशा प्रयोगात ढगाचा तळ कुठे आहे आणि त्याच्याखाली आधीच किती कण आहेत, हे माहीत असणे ही पहिली पायरी असते.

जमिनीवरून वर पाहणारा लिडार १९९४ साली ‘डिस्कव्हरी’ यानातून अवकाशात गेला. एप्रिल २००६ मध्ये सुटलेल्या ‘कॅलिप्सो’ उपग्रहाने मग ऑगस्ट २०२३ पर्यंत, सतरा वर्षे, वरून खाली पृथ्वीचे उभे काप काढले. त्यानेच दाखवले की मान्सूनच्या काळात आशियावर तेरा ते अठरा किलोमीटर उंचीवर कणांचा एक विस्तीर्ण पट्टा तयार होतो. मान्सूनचे उंच ढग जमिनीवरची घाण तिथवर उपसून नेतात. जे जमिनीवरच्या पावसाने धुतले गेले असे वाटते त्यातले काही असे वर जाऊन बसते. आता मे २०२४ मध्ये सुटलेला ‘अर्थकेअर’ लिडार आणि रडार दोन्ही घेऊन फिरतो आहे.

पण उपग्रहाचा काप जेमतेम शंभरेक मीटर रुंद, आणि कॅलिप्सो त्याच वाटेवर परत यायला सोळा दिवस घेत असे. दोन तास धुमसणारा भरे शिवारातला राब त्याला सापडणे हा निव्वळ योग. पाषाण आणि ताम्हिणी यांच्या मधल्या या पट्ट्यात, पिरंगुटच्या कारखान्यांच्या आणि भाताच्या वाफ्यांच्या शेजारी, शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या गच्चीवर मावेल असा एक छोटा लिडार कायमचा उभा राहायला हवा. त्याच्या पडद्यावर मे महिन्याच्या संध्याकाळी राबाची चादर किती मीटरवर अडली ते दिसेल, मध्यरात्रीपर्यंत ती किती खाली बसली ते दिसेल. मग जूनमध्ये एके दिवशी पश्चिमेकडून ढगांचा तळ सरकत खाली येईल, लेसर त्यात शिरून विझेल, आणि सर ओसरल्यावर उमटणारी पुढची रेघ जमिनीपासून वरपर्यंत आदल्या दिवसापेक्षा कितीतरी बारीक असेल.